कोकणातल्या पुळणीवर व्हिपेट: पिल्लापासून पहिल्या धावेपर्यंत

शिमगा जवळ आला की गावागावांत जुन्या पारधीच्या गप्पा निघतात. हल्ली त्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. कुणीतरी मुंबई-पुण्याहून व्हिपेट या सडपातळ, वेगवान इंग्लिश कुत्र्याचं पिल्लू आणलेलं असतं, कुणी घाटावरून कारवानी हा देशी शिकारी कुत्रा आणलेला असतो, आणि विचारणं असतं, "ह्याला सशावर कसा तयार करायचा?"

सशावर करायचा नाही. आधी कायद्याचं बोलून घेऊ. आपल्या सड्यावर दिसणारा काळ्या मानेचा ससा हा वन्यप्राणी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ त्याला लागू आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. प्राणी मारला तरच गुन्हा, असं ती म्हणत नाही. कुत्रे लावून पाठलाग करणं, हाकणं, फास लावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारच धरलं जातं. "आम्ही फक्त पळवत होतो, धरला नाही" हे उत्तर तिथे चालत नाही. काहीजण पळवाट म्हणून पाळीव पांढरे ससे आणून त्यांच्यावर पिल्लू सोडतात. करमणुकीसाठी एका जनावरावर दुसरं सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो प्रकार गलिच्छच आहे.

व्हिपेटच्या मायदेशातही चित्र बदललं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ चा कायदा फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला आणि रानसशामागे कुत्रे सोडणं तिथे बंद झालं. जमीनमालकाच्या परवानगीने बिळात राहणाऱ्या सशांवर व्हिपेट वापरतात, कारण तो ससा तिथे शेताची नासधूस करणारा मानला जातो. तसा बिळं खणणारा जंगली ससा आपल्याकडे नाहीच. आपला ससा दिवसभर गवतात अंग चेपून बसतो आणि रात्री चरतो. त्यामुळे तिकडच्या मार्गदर्शनातला फेरेट नावाचा छोटा प्राणी बिळात सोडायचा आणि बाहेर पडणारा ससा व्हिपेटने धरायचा, हा भाग आपल्या कामाचा नाही. पिल्लू कसं वाढवतात, तो भाग मात्र पुरेपूर कामाचा आहे.

आणि कुत्र्याला ससाच हवा असतो असंही नाही. व्हिपेट, ग्रेहाउंड, कारवानी, पश्मी हे सगळे नजरेवर धावणारे कुत्रे. हलणारी, दूर पळणारी वस्तू दिसली की झालं. ती प्लास्टिकची पिशवी असली तरी त्यांचा उत्साह कमी होत नाही.

चिंधीची शर्यत

एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडातल्या खाणकामगारांनी आणि गिरणीकामगारांनी ही जात नावारूपाला आणली. ग्रेहाउंड पोसणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. छोट्या घरात मावणारा, कमी खाणारा हा कुत्रा त्यांना परवडायचा. रविवारी सरळ पट्ट्यात शर्यत लागायची. एकजण कुत्र्याला धरून उभा, आणि मालक दुसऱ्या टोकाला फडकं हलवत बोंबा मारतोय. सुटला की कुत्रा त्या फडक्याकडे धावायचा आणि दात रोवून लोंबकळायचा.

मला ही पद्धत अजूनही सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारण तिच्यात कुत्रा *तुमच्याकडे* धावतो. बाकीच्या सगळ्या पद्धतींत तो तुमच्यापासून लांब जातो, आणि मग परत बोलवायचं कसं हा प्रश्न उरतो. पळायचं कसं हे व्हिपेटला कुणी शिकवावं लागत नाही. आपली सगळी मेहनत परत येण्यावर खर्च करायची, आणि चिंधी त्याची सुरुवात आहे.

पिल्लू घेताना

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे त्याआधी विकायलाच मनाई आहे. आई बघायला मागा. आई माणसांना बघून कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लंही बहुधा तशीच निघतात, आणि बुजरा नजर-कुत्रा म्हणजे एका फटाक्यात तीन गावं ओलांडणारा कुत्रा.

पूर्ण वाढलेला व्हिपेट साधारण अठरा ते वीस-एकवीस इंच उंच, वजनाला दहा ते पंधरा किलोच्या आसपास. कारवानी त्याहून पुष्कळ उंच आणि लांब टप्प्याचा. आपल्या हवेत कारवानी जास्त तगतो असं माझं मत, पण त्याला जागाही जास्त लागते. चारी बाजूंनी दोन फुटी गडगे असलेल्या वाडीत कारवानी मोकळा ठेवायचा विचार करू नका, तो ते उभ्या उभ्या ओलांडतो. व्हिपेटही ओलांडतो, थोडा उशिराने.

लसींमध्ये एक गोष्ट कोकणासाठी वेगळी. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज सगळीकडेच देतात. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग असतो, विशेषतः शेताच्या आणि गोठ्याच्या पाण्यातून. तेव्हा लेप्टोची लस त्यात आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि दरवर्षी पावसाच्या आधी ती पुन्हा द्या. गोचीड हा दुसरा शत्रू. या कुत्र्यांचे केस इतके आखूड असतात की हात फिरवला तरी गोचीड लागतो. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या मध्ये आणि शेपटीखाली बघायचं.

डॉक्टरांना आणखी एक सांगायचं, कारण आपल्याकडे हे कुत्रे कमी येतात. नजर-कुत्र्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसते आणि थायोपेंटोनसारखी भुलीची जुनी औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाणही इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच जास्त असतं. रिपोर्टवर तो आकडा बघून उगाच घाबरायला होतं.

पहिले चार महिने: शिट्टी, पट्टा, शेळ्या

रोज जेवण ठेवताना शिट्टी वाजवा, दोन छोट्या फुंका. आधी शिट्टी, मग ताट. थोड्याच दिवसांत पिल्लू वाडीच्या कुठल्याही कोपऱ्यातून शिट्टीवर येतं. मग जेवणाव्यतिरिक्त दिवसातून चार-पाच वेळा वाजवायची आणि आलं की उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा द्यायचा. शिट्टी वाजवून कधीही रागवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, गोळी द्यायची नाही. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं. तोंडाने हाक मारण्यापेक्षा शिट्टी बरी, कारण समुद्राच्या गाजेत माणसाचा आवाज पन्नास पावलांवर मरतो.

या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा मागे ओढून ते सहज डोकं बाहेर काढतात. ओढल्यावर थोडाच आवळणारा रुंद पट्टा घ्यायचा, 'मार्टिंगेल' या नावाने तो मिळतो. शिवाय दहा-पंधरा मीटरची हलकी दोरी लागते. ती दोरी हाताला गुंडाळू नका. व्हिपेट काही झेपांतच पूर्ण वेग घेतो आणि बोटं तुमची असतात. ही दोरी गळ्याच्या पट्ट्याला बांधली तर पळताना झटका मानेला बसतो, म्हणून लांब दोरीसाठी छातीचा पट्टा वापरा.

इंग्लंडमधले जुने लोक पिल्लाला कशावरही सोडण्याआधी मेंढरं आणि कोंबड्यांची सवय लावतात. आपल्याकडे शेळ्या, कोंबड्या, गुरं आणि मांजरं. याच वयात लावायची. शेजारी शेळ्या सोडतात त्या वेळी पिल्लाला दोरीवर घेऊन लांब बसा. शेळ्यांकडे बघून त्याने तुमच्याकडे मान वळवली की खाऊ. रोज थोडं जवळ. महिनाभराने शेळी अंगावरून गेली तरी त्याला जांभई यायला हवी. कोंबड्यांना वेळ जास्त लागतो, कारण कोंबडी फडफडते आणि मग पिल्लाचा तोल जातो. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. नंतर गावात भांडणं होतात ती याच टप्प्यामुळे. एक कोंबडी धरली की तिची किंमत अंडी घालणाऱ्या कोंबडीची लागते, ती तलंग असली तरी.

चार महिन्यांनंतर: खळ्यातली काठी

एक वेळूची काठी, टोकाला काठीएवढीच दोरी, दोरीला गोणपाटाची चिंधी. खळ्यात उभं राहून चिंधी जमिनीवरून सरपटवायची. हवेत उडवू नका. पिल्लू उड्या मारायला लागलं की कोवळ्या सांध्यांवर भार येतो आणि सारवलेल्या जमिनीवर ते घसरतं. एका दिशेने सावकाश, मोठ्या वळणाने. दोन-तीन मिनिटं बस झाली. दर खेळात त्याला चिंधी धरू द्या. कधीच हाती लागत नाही असं वाटलं तर पिल्लू नाद सोडतं.

"सोड" इथेच शिकवायचं. चिंधी तोंडात असताना ओढाओढ थांबवायची, काठी ढिली सोडायची, नाकाशी बांगडा धरायचा. तोंड उघडलं की "सोड", खाऊ, आणि लगेच खेळ पुन्हा सुरू. सोडल्यावर खेळ संपत नाही हे कळलं की ते आनंदाने सोडतं.

"थांब" त्याच्यानंतर. चिंधी हलतेय आणि पिल्लू बसलंय, एवढं जमलं की तुमच्याकडे खरा कुत्रा तयार होतोय. मी याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ देतो.

जागा आणि ओहोटी

सडा नको. उघडा कातळ म्हणून तो पळवायला छान दिसतो, पण जांभ्याची धार तळपायांची साल काढते, दगडांखाली फुरसं असतं, गवतात ससे असतात आणि कडेच्या रानात रानडुकरांसाठी लावलेली फासकी असतात. सड्यावर कुत्रा कायम दोरीवरच. पाठलागाच्या ऐन भरात शंभरातल्या शंभर वेळा शिट्टी ऐकणारा नजर-कुत्रा मी पाहिलेला नाही.

आपल्याला देवाने पुळण दिली आहे. तीही सगळी नाही, तर ओहोटीने उघडी पडलेली घट्ट ओली पट्टी. सुरूच्या बनाजवळची कोरडी भुसभुशीत वाळू पाय आत ओढते आणि मांडीचे स्नायू दुखावतात. अगदी पाण्याच्या कडेची वाळूही पचपचीत असते. चालताना टाचेचा ठसा उमटतो पण पाय रुतत नाही, ती पट्टी बरोबर.

वेळ ठरवायला घरातलं कालनिर्णय पुरतं. कोळ्यांचा जुना हिशोब: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेला आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठला. अष्टमीला सकाळी सहालाच पाणी भरलेलं, त्या दिवशी घरी झोपा. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतच्या सकाळी आपल्या. उधाणाची ओहोटी लांबवर जाते, त्यामुळे पट्टीही रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पट्टी अरुंद राहते. हिशोब अंदाजाचा आहे, पोचल्यावर पाणी डोळ्यांनी बघायचंच.

सोडण्याआधी स्वतः एकदा पूर्ण पट्टा चालून या. फुटक्या बाटल्या, खेकड्यांची बिळं, जाळ्यांचे तुकडे. रापण ओढत असतील तर त्या दिवशी तिथे धाव नाही. माणसं दोर खांद्यावर घेऊन उभी असतात, त्यात कुत्रा घुसला तर दोघांनाही इजा होते. रापणीनंतर टाकून दिलेल्या मासळीवर विशेष नजर ठेवा. शिंगाळ्याचा काटा तोंडात किंवा पायात घुसला की काढणं कठीण, आणि फेकलेला केंड कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या विषावर उतारा नाही.

थंडी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या काळात अशा पुळणीवर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. कुत्री घरटी उकरतात ही तिथल्या संवर्धनाची मोठी डोकेदुखी आहे, आपण तिच्यात भर घालायला नको. हिवाळ्यात चिखल्या, सुरय, कुरव यांचे थवे वाळूवर विसावलेले असतात. त्यांच्यावर पिल्लू एकदा सुटलं की पुढच्या वेळी ते तुमच्या चिंधीकडे बघणारही नाही.

सहा महिन्यांनंतर: चिंधीकडे धाव

दोन माणसं लागतात. एकाने पिल्लाला छातीखाली हात घालून धरायचं, पट्ट्याला धरून नाही. तुम्ही चिंधी त्याच्या नाकासमोर हलवून वीस-तीस मीटर लांब पळत जायचं, मग वळून हलवायची आणि नाव घेऊन ओरडायचं. लाजू नका, पुळणीवर सकाळी कोण असतं? मित्राने सोडलं की पिल्लू येतं. पोचताना चिंधी बाजूला, जमिनीलगत धरा, म्हणजे ते तुमच्या गुडघ्यांवर आपटणार नाही. पोचायच्या क्षणी शिट्टी. अशा रीतीने धाव, चिंधी, शिट्टी आणि तुम्ही हे सगळं त्याच्या डोक्यात एकाच ठिकाणी बसतं.

एका सकाळी दोन धावा, फार तर तीन. अजून हवी असतानाच थांबायचं. वर्षाचं होईपर्यंत अंतर पन्नास-साठ मीटरच्या पुढे नेऊ नका. हाडांची टोकं अजून कच्ची असतात. अमेरिकन केनेल क्लबच्या कृत्रिम सावजाच्या स्पर्धांतही वर्षाखालच्या कुत्र्याला घेत नाहीत, ते याच कारणाने.

वर्षानंतर: सायकलचं यंत्र

बाहेर यासाठी मोटारीवर चालणारी यंत्रं मिळतात. आपलं काम जुन्या सायकलवर भागतं. सायकल उलटी करून सीट आणि हँडल वाळूत घट्ट रोवा. मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढा. उघड्या रिमच्या खोबणीत दोरा गुंडाळला जातो. दोरा सुती, सुतळीच्या जाडीचा. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) अजिबात नको, तो वेगात कुत्र्याच्या पायाला लागला तर सुरीसारखा कापतो. दोऱ्याच्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिक पिशव्यांची जुडी.

साध्या मोठ्या सायकलचं पेडल हाताने एकदा फिरवलं की साधारण पाच मीटर दोरा गुंडाळला जातो. सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास. नवख्याला हे पुरतं. भरात आलेला व्हिपेट ताशी पन्नासच्या वर जातो, म्हणून त्याला सोडण्याआधी जुडीला पंधरा-वीस मीटरची आघाडी द्या आणि फिरवायला दमदार हात बसवा. चाकाच्या आऱ्यांमध्ये बोटं जाणार नाहीत याची काळजी फिरवणाऱ्याची.

जुडी सायकलपासून निदान पंचवीस मीटर लांब असतानाच फिरवणं थांबवायचं. जुडी थांबते, कुत्रा धरतो, झटकतो, आणि तिथे तुम्ही उभे असायला हवं, हातात बांगडा घेऊन. "सोड", पट्टा, शिट्टी. पहिले काही महिने फक्त सरळ रेषा. वळणासाठी खुंट्यांवर कप्प्या लावता येतात, पण पुढच्या पायांची मनगटं आणि बोटं वळणावरच मोडतात, तेव्हा घाई नको. एका वेळी एकच कुत्रा. दोन सोडायचेच असतील तर दोघांनाही जाळीची मुसकी. धडक पन्नासच्या वेगाने होते आणि यांची कातडी कागदाएवढी.

दीडशे-दोनशे मीटरच्या दोन धावा, आठवड्यातून दोन दिवस. यापेक्षा जास्त लागत नाही. उरलेले दिवस पट्ट्यावर चालणं.

धाव झाल्यावर

लगेच बसू देऊ नका, दहा मिनिटं चालवा. पाणी थोडं थोडं. समुद्राचं पाणी पिऊ द्यायचं नाही, म्हणून घरून बाटली न्यायची. आपल्या दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर निवत नाही, त्यामुळे फेब्रुवारी संपला की ऊन चढायच्या आत सगळं आटोपलेलं बरं. पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा. झोकांड्या जात असतील, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, उलटी झाली, तर आधी भरपूर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, मग गाडीत घालून डॉक्टर. दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची दिसली तरी डॉक्टर, कारण ती स्नायू विरघळल्याची खूण असते.

धावेआधी तीन-चार तास पोट रिकामं, धावेनंतर तासाभराने जेवण. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, प्रत्येक बोट फाकवून बघा, अंगठ्याचं नख तपासा, डोळ्यांतली वाळू धुऊन काढा. रात्री कुत्रा घरात किंवा बंद पडवीत, साखळीला बांधून अंगणात नाही. बिबट्याला बांधलेला कुत्रा शोधावा लागत नाही.

पावसात

जूनपासून पुळण बंद. समुद्र खवळलेला, वाळू वाहून पट्टीचा आकार बदललेला, आणि शेतातून चालवावं तर लेप्टोची भीती. पडवीत "थांब" आणि "सोड" पक्कं करा, शिट्टी चालू ठेवा, उघडीप मिळाली की डांबरी रस्त्यावर पट्ट्यावर चालवा. जेवण थोडं कमी करा. शेवटच्या दोन फासळ्या हलक्या दिसायला हव्यात. गावातले लोक "उपाशी ठेवलंन कुत्र्याक" म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका.

नवरात्रानंतर पुन्हा सुरू करताना पहिले दोन आठवडे नुसतं चालणं, तिसऱ्या आठवड्यात चिंधीकडे तीस मीटर, आणि सायकल दिवाळी झाल्यावरच बाहेर काढायची. पावसात पडून राहिलेला दोरा कुजलेला असतो, तो फेकून नवा गुंडाळा.